ठरावाच्या आडून

बीदर
३ फेब्रुवारी १९८८

प्रिय शोभा,

सप्रेम जयभीम. तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिलं दिवाळीनंतर आलं, दुसरं संक्रांतीच्या आधी. एकालाही मी उत्तर दिलं नाही. दम्याचं कारण सांगता आलं असतं, थंडीत माझं काय होतं हे तुला ठाऊक आहे. पण हात चालत होता, लिहवत नव्हतं. आज तुझी काकू लेकीकडे उदगीरला गेली आहे, घर रिकामं आहे, म्हणून दार लोटून बसलो आहे. अक्षर वाकडं गेलं तर समजून घे.

पहिल्या पत्रात तू किती आनंदात होतीस. गुलबर्ग्याहून तुमच्या कॉलेजचं लोककलेचं पथक सव्वीस जानेवारीला दिल्लीला जाणार आणि हलगीसाठी तुझी निवड झाली, सगळ्या पथकात हलगी वाजवणारी तू एकटी मुलगी. तू लिहिलं होतंस, काका, तुम्ही तीस वर्षं स्टेजवर काढलीत, एवढ्या लोकांसमोर उभं राहताना काय सांभाळायचं ते मला सांगा. दुसऱ्या पत्रात सगळ्या मिळून दहा ओळी. समाजातल्या कुणाची तरी हरकत आली आणि कॉलेजनं नाव कमी केलं, तुझ्या जागी दुसऱ्याला नेलं. आता वाजवणं सोडून द्यावं असं वाटायलंय, एवढं लिहून तू थांबलीस.

सोडायचं की नाही हे मी सांगणार नाही. पण तुझ्या अप्पानं कसं सोडलं ते तुला पुरतं ठाऊक नाही. तो कधी बोलला नसणार. तुझ्या आईला, सरुवहिनीला, निम्मं ठाऊक आहे. उरलेलं मला एकट्याला.

राघोबा अण्णा, तुझा अप्पा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. निर्ण्यापासून हुमनाबादपर्यंत त्याच्यासारखी हलगी कुणाची नव्हती, हे मी भाऊ म्हणून म्हणत नाही. तो गवताच्या जाळावर हलगी शेकायचा तेव्हाच माणसं जमायला लागायची. शेकून झाली की नखानं एकदा टिचकी मारायचा, कान लावायचा, आणि मग उजव्या हातातलं टिपरू आणि डाव्या हातातली काडी अशी पडायची की उभ्या माणसाचे पाय आपोआप हलायचे. मला गळा होता. पण त्या काळात माझी ओळख एकच होती, राघोबाचा भाऊ. मी गायला बसलो की दोन गाण्यांनंतर कुणीतरी म्हणायचंच, बस झालं रे, राघोबाला बोलवा.

जगदेवप्पा मालकाच्या बहिणीचं लग्न मला अजून आठवतं. निजामाचं राज्य जाऊन पाचसहा वर्षं झाली असतील. वरात वेशीपासून मांडवापर्यंत यायला दोन तास लागले, कारण वऱ्हाडी अण्णासमोरून हलायला तयार नव्हते. हुमनाबादकडचे पाहुणे जेवणावरून उठून बाहेर आले. नवरदेव घोड्यावर बसल्याबसल्या हसत होता. आणि मग पंगती उठल्या, उन्हं उतरली, तेव्हा आम्हाला मांडवाच्या मागं उकिरड्याशेजारी बसवलं आणि उरलेलं वरून पत्रावळीत टाकलं. वाढणाऱ्याचा हात आमच्या पानाला लागू नये म्हणून वरून. गव्हाची गोड हुग्गी अर्धी पानात पडली, अर्धी अण्णाच्या मांडीवर. अण्णानं मांडीवरची पुसली आणि जेवला. मी जेवलो नाही. घरी येताना तो म्हणाला, “तात्या, वाजवताना मी ह्या लोकांचा मालक असतो बघ. थांबलो की पुन्हा म्हारडा.” हे सांगताना तो रागात नव्हता. त्याचं मला जास्त लागलं.

म्हणून सत्तावन्न साली आपण दीक्षा घेतली आणि ठराव करायची वेळ आली, तेव्हा तो वाचून दाखवायला मीच उठलो. मेलेलं जनावर ओढायचं नाही, शिळं मागायचं नाही, कुणाच्या दारात हलगी वाजवायची नाही. माझी शाळा उर्दूत झालेली, मराठी मी कंदिलाखाली स्वतः शिकलेलो, तरी त्या दिवशी एक शब्द अडला नाही. सगळ्यांनी आपापल्या हलग्या आणून ढीग घातला. सात होत्या. अण्णा शेवटी आला. त्याची हलगी आजोबांच्या वेळची, कड्याचं लाकूड हातांनी काळं झालेलं. त्यानं ती ढिगावर टाकली नाही, माझ्या हातात दिली. म्हणाला, “ठराव तू वाचलास, तूच टाक.” मी टाकली. आपली माणसं घोषणा द्यायला लागली. अण्णासुद्धा देत होता, मी पाहिलं.

शोभा, एक नीट समजून घे. तो ठराव चूक नव्हता. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा मी तोच वाचीन. त्यानंतर गावानं आठ महिने आपल्याला कामावर बोलावलं नाही, किराणा दिला नाही, विहिरीचं पाणी तोडलं. जगदेवप्पानं अण्णाला एकट्याला गाठून सांगितलं, राघोबा, तुझी गोष्ट वेगळी, फक्त देवीच्या जत्रेपुरता ये, तुझ्या घराला काही कमी पडू देणार नाही. अण्णा म्हणाला, “न्हाई मालक. ठराव झालाय.” एवढंच. लोक माझ्या भाषणांची आठवण काढतात. पण ठराव राखला तो त्यानं. माझं त्यात गेलं काय होतं? माझ्याकडं हलगीच नव्हती.

उलट माझं सगळं तिथूनच सुरू झालं. आपला जलसा निघाला. मी पेटीवर, नरसिंग ढोलकीवर, मागं चौघे झील धरायला. भालकी, औराद, उदगीर, लातूर, जिथं एस.टी. जाईल तिथं आम्ही गेलो आणि जिथं जात नव्हती तिथं बैलगाडीनं गेलो. माणसं कोसावरून चालत यायची. म्हाताऱ्या बाया माझ्या पेटीला हात लावून तो हात कपाळाला लावायच्या. शाहीर तात्याराव हे नाव मला त्या माणसांनी दिलं. आणि राघोबाचा भाऊ हे म्हणणं हळूहळू बंद झालं. ते बंद झालेलं माझ्या लक्षात आलं होतं, आणि मला बरं वाटलं होतं. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

अण्णा तोवर वहिनीला घेऊन भालकीला गेला होता, अडतीत हमालीला. उसाच्या दिवसांत कारखान्याकडं पोती उचलायचा. जलसा भालकीत असला की शेवटच्या रांगेत येऊन बसायचा. त्याचे हात मांडीवर असायचे. आम्ही द्रुत लयीत गेलो की ती बोटं चालायची आणि नरसिंगची ढोलकी जिथं चुकायची तिथं ती थांबायची. स्टेजवरून मला ते दिसायचं. मी दुसरीकडं बघायचो.

चौसष्ट सालची जयंती. मी तेव्हा तालुक्याच्या मंडळाचा सेक्रेटरी होतो. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी मी आणि नरसिंग अण्णाच्या घरी उतरलो होतो. संध्याकाळी अण्णानं कोपऱ्यातून धोतरात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. नवी हलगी. कडं त्यानं स्वतः वाकवून घेतलेलं, कातडं स्वतः चढवलेलं, सहा महिने खपत होता म्हणे. परसात जाऊन त्यानं ती शेकली आणि वाजवली. सात वर्षांनी वाजवत होता. पाणी आणायला निघालेल्या बाया घागरी खाली ठेवून उभ्या राहिल्या. शेजारचा लिंगायत म्हातारा काठी टेकत भिंतीपाशी आला. मी डोळे मिटून ऐकलं आणि मला लग्नातला तो नवरदेव आठवला. थांबल्यावर अण्णा माझ्याजवळ आला. घामेजला होता, लाजल्यासारखा हसत होता. म्हणाला, “तात्या, उद्याच्याला वाजवू का? आता कुणाच्या दारात न्हाई. आपलीच मिरवणूक, आपल्याच लोकांम्होरं. ह्याला तर ठराव आड येत न्हाई ना?”

नव्हताच येत. ठरावात शब्द होते, कुणाच्या दारात. ते मीच वाचले होते. पण तो येण्याआधी नरसिंग माझ्या कानाशी हसत म्हणाला होता, “ह्ये वाजलं तर उद्या आपलं गाणं कोण ऐकंल गा?” त्यानं थट्टेत म्हटलं, मला थट्टा वाटली नाही. मी अण्णाला म्हणालो, हलगी म्हणजे गुलामीची खूण आहे, सेक्रेटरीच्याच घरच्यानं ती गळ्यात घातली तर समाजाला काय तोंड दाखवू. चांगला अर्धा तास बोललो. बोलायला मला येतंच. अण्णानं सगळं ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाला आणि हलगी पुन्हा धोतरात गुंडाळली. वहिनी चुलीपाशी होती. तिनं विचारलं, “कामून न्हाई म्हणायलाव भावजी? तेंच्याजवळ दुसरं काय हाय?” तिलाही मी तेच भाषण दिलं. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत अण्णा झेंडा धरून चालला. कार्यक्रम माझा झाला. लोकांनी खांद्यावर घेतलं होतं मला.

तू दोन वर्षांनी जन्मलीस. त्यानं तुला कधी शिकवायला घेतलं ते मला कळलं नाही. एकोणऐंशी साली मी न सांगता भालकीला आलो तर परसात डब्याच्या पत्र्यावर ठेका ऐकू आला, आणि बघतो तर परकरातली तू वाजवतेयस आणि अण्णा शेजारी उकिडवा बसून फक्त मान हलवतोय. तुझा डावा हात अगदी त्याचा. मला बघून तू थांबलीस. अण्णानं माझ्याकडं पाहिलं. मी कामाचं निमित्त सांगून चहा न घेता निघालो. तुला वाटलं असेल काका घाईत होते.

तो बीदरच्या दवाखान्यात होता तेव्हा शेवटचे पाच दिवस मी त्याच्यापाशी होतो. छातीत पाणी झालं होतं, बोलताना धाप लागायची. माझ्याबद्दल एक शब्द बोलला नाही. एकदा फक्त मनगट धरलं आणि म्हणाला, “पोरीला आडवू नको.” मी व्हय म्हणालो. वहिनी तेव्हा पाणी आणायला गेली होती, त्यामुळं हे ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

तू विचारलेलं तेवढं लिहितो, कारण त्यात मी खोटा नाही. स्टेजवर टाळीकडं लक्ष देऊ नकोस. टाळीनं लय वाढते आणि वाढलेली लय परत खाली आणता येत नाही, माझे कितीतरी कार्यक्रम असे हातचे गेले. लोकांना अजून हवं असतं तेव्हा थांब. मला ते कधी जमलं नाही, गळा बसला तरी मी गात राहिलो आणि शेवटची दहा वर्षं लोक आदरापोटी बसायचे, ऐकायला नव्हे. त्यानंतर मी इथं जवळच्या कोळारला गोदामावर राखणदारीला गेलो. आता जयंतीला कॅसेट लावतात, मोठा आवाज, त्यात माणूस लागत नाही. अजून एक. कुणी वाजवायला बोलावलं तर आधी विचार, आम्हाला कुठं बसवणार आणि जेवण कुणाच्या पंगतीत. उत्तराला वेळ लागला तर जाऊ नकोस. तुझं नाव पुकारताना बापाच्या नावासकट पुकारायला सांग. कला आपली प्राचीन वगैरे भाषण कुणी करायला लागला तर ऐकून घे, पण हलगी कुणाच्या उकिरड्याशेजारून इथवर आली हे विसरू नकोस. हे विसरलीस तर ठराव वाया गेला. आणि ठरावाचा धाक घालून तुला कुणी गप्प करत असेल, तर त्याचा स्वतःचा हिशेब काय आहे ते आधी बघ.

सव्वीस जानेवारीला मी शेजारच्या अच्युतराव मास्तरांच्या घरी टीव्ही बघायला गेलो. मास्तर म्हणाले, तुमची पुतणी जाणार होती ना. मी म्हणालो, राहिलं. आपल्या राज्याची मंडळी क्षणभर दिसली. हलगी एका मुलाच्या गळ्यात होती. चित्रच ते, आवाज धड येत नव्हता, पण हात दिसत होते. डावा हात नुसता वर खाली होत होता. मास्तरांची सून म्हणाली, किती छान वाजवतोय. मी उठून घरी आलो. तीन दिवस जेवलो नाही असं लिहिलं तर तुला दया येईल, म्हणून लिहितो की जेवलो, झोपलोही. आणि रविवारी मंडळाच्या बैठकीला गेलो.

तुझ्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. काका, तुम्ही अध्यक्ष आहात, हरकत कुणी घेतली त्याचा तपास करा आणि त्याला जाब विचारा. शोभा, तो कागद मी लिहिला. तुझं पहिलं पत्र आल्यावर चौथ्या दिवशी, भर दुपारी, मंडळाच्या छापील कागदावर, चांगल्या अक्षरात. समाजाच्या मुलीच्या गळ्यात हलगी अडकवणं हा आमचा अपमान आहे, असं त्यात आहे. लिहिताना मला तसं वाटतही होतं. आणि त्याच वेळी हेही वाटत होतं की मला दिल्लीला कुणी कधी बोलावलं नाही, आणि आता जो तो म्हणेल, राघोबाची पोरगी. दोन्ही खरं आहे. त्यातलं कुठलं किती, ते मला आजही वेगळं काढता येत नाही. बैठकीत हे सगळ्यांसमोर सांगितलं आणि अध्यक्षपद सोडलं. नरसिंग खाली बघत होता, बाकीचे म्हणाले, शाहीर, तुम्ही समाजाचंच बघितलंत. कॉलेजलाही हरकत मागं घेतल्याचं लिहिलं आहे. पण पथक जाऊन आलं आणि तुझं हे शेवटचं वर्ष, त्यामुळं त्या कागदाचा आता उपयोग नाही. माफी मागायला लिहीत नाही, तू ती द्यावीस असं मी काही केलेलं नाही. वहिनीला वाचता येत नाही, म्हणून हे तिला तू वाचून दाखवशील तरच कळेल. दाखवायचं का ते तू ठरव. पुढच्या महिन्यात अण्णाचा स्मृतिदिन आहे. दरवर्षी मी येतो, पहिलं गाणं माझं असतं. यंदा तू बोलावल्याशिवाय येणार नाही.

तुझ्या अप्पाचा धाकटा भाऊ,
तात्याराव